सरांना मेकअप लागणार नाही

"सरांनाच करू द्या. सरांना फारसा मेकअप लागणार नाही."

आमच्या संस्थेचे सचिव असं म्हणाले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत हशा झाला. पीटीचे सर हसले. पर्यवेक्षिका बाई तोंडावर पदर धरून हसल्या. खुर्चीत चहा घेत बसलेले पोलीस अधिकारी हसले. मीही हसलो.

पनवेलमधली आमची शाळा. शाळेत अतिरेकी घुसले तर काय करायचं, याची रंगीत तालीम होणार होती. मुलांनी बाकाखाली बसायचं. शिक्षकांनी दाराला कडी लावायची. मग जवान येणार, अतिरेक्याला पकडणार, मुलं टाळ्या वाजवणार. सगळं ठरलं होतं. फक्त अतिरेकी म्हणून उभं राहायला शाळेतलाच एक माणूस हवा होता.

पीटीचे सर सहा फूट उंच. आवाज असा की मैदानाच्या पलीकडे ऐकू जावा. मी चष्मेवाला, बारीक, आठवी ते दहावीला मराठी शिकवणारा. आणि सगळ्या शिक्षकांत मुसलमान मी एकटा. तसं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

"मी मराठी शिकवतो," असं काहीतरी मी बोललो. दुसरं काही सुचलं नाही.

"अहो, मग काय झालं?" सचिव म्हणाले. "गॅदरिंगची नाटकं तुम्हीच बसवता ना? मग हे पण एक नाटकच."

गॅदरिंगची पेटी उघडली. त्यातून अफझलखानाची दाढी निघाली. ते नाटकही मीच बसवलं होतं. ती दाढी गोंद लावून माझ्या गालांवर चिकटवली. डोक्यावर जाळीची टोपी. गळ्यात चौकड्यांचा रुमाल. हातात लाकडी बंदूक.

मला दाढी नाही. माझ्या वडिलांनाही नाही. मेकअप लागणार नाही म्हणाले, आणि दाढी चिकटवली. म्हणजे माझा चेहरा त्यांच्या कामाचा नव्हता. नाव कामाचं होतं.

एका पोलिसाने कागदाचा चिटोरा दिला. त्यावर दोन घोषणा लिहिल्या होत्या. "ह्या ओरडायच्या. उच्चार काय तुम्हाला सांगायला नको."

मला उर्दू येत नाही. आमचं मूळ घर उरणच्या बाजूचं. आम्ही कोकणी मुसलमान. घरात आगरी-कोळ्यांसारखंच बोलतो, आमी, तुमी, हाय, नाय. शाळेत शिकवायला लागल्यावर मी ते बोलणं घासूनपुसून प्रमाण मराठी केलं. पुण्याच्या माणसालासुद्धा शंका येऊ नये, इतकं. मला वाटायचं तेवढं पुरेल.

"मी ओरडणार नाही," मी म्हणालो. "नुसता उभा राहतो."

"बरं, नुसते उभे राहा," अधिकारी म्हणाले. फार समजूतदारपणे म्हणाले.

घंटा झाली. मी वरांड्यातून चालत गेलो. वर्गांची दारं बंद होती. खिडक्यांच्या फटींतून डोळे दिसत होते. माझी मुलगी सना पाचवीत, त्याच शाळेत. तिचा वर्ग जिन्याजवळ. मी तिकडे बघायचं टाळलं. मग मैदानाच्या बाजूने जवान धावत आले. मला आडवं पाडलं. पाठीवर गुडघा. तोंड फरशीला लागलं, चष्मा कुठेतरी गेला. हात मागे ओढून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधले. वर तोंडावर काळं कापड.

"अ‍ॅक्टिंग आहे सर, जरा सहन करा," एक जण कानाशी पुटपुटला. तो चांगला पोरगा असावा.

तसं बांधून मला मैदानात फिरवलं. दिसत काही नव्हतं. टाळ्या ऐकू येत होत्या. आठवीतलं एक पोरगं ओरडलं, "अरे, आपले सर आहेत ते!" दुसरं म्हणालं, "म्हणजे सर अतिरेकी हायेत?" आणि सगळे हसले. मुलंच ती. त्यांचा राग मला आला नाही. आजही नाही.

मग सचिवांचं भाषण. शत्रू आपल्यात मिसळून राहतो, गोड बोलतो, आपल्याला कळतसुद्धा नाही, असं ते म्हणाले. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. कापड काढलेलं, दाढी तशीच, हात बांधलेलेच. जवानांना गुलाबाची फुलं दिली. मला कुणी काही दिलं नाही. द्यायचं तरी काय?

दाढी निघता निघेना. संडासातल्या नळावर उभा राहून ओढून काढली. कातडी सोलवटली. घरी जाताना सना स्कूटरवर माझ्या मागे बसली. रोज कमरेला घट्ट धरायची. त्या दिवशी तिने मागचा दांडा धरला.

इथपर्यंत असतं तर कदाचित मी गिळलं असतं. बरंच काही गिळलेलं आहे. पण मैदानात पालक होते, त्यांच्या हातात मोबाइल होते. कुणीतरी काढलेल्या व्हिडिओचा पुढचा-मागचा भाग कापला. उरला तो मी. टोपी, दाढी, बांधलेले हात, तोंडावरून नुकतंच काढलेलं काळं कापड. वर लिहिलं होतं, "पनवेलच्या शाळेतून अतिरेकी जेरबंद. हिंदूंनो, जागे व्हा." दोन दिवसांत तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोचला, करंजाच्या बंदरात पोचला, आणि उलव्यात आम्ही भाड्याने राहत होतो त्या सोसायटीच्या ग्रुपवरही पोचला. त्या ग्रुपवर मीही होतो. मी खाली लिहिलं, "हा मी आहे. ही शाळेतली तालीम होती." कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने अध्यक्षांनी पाण्याच्या टँकरबद्दल मेसेज टाकला.

मुख्याध्यापकांना म्हणालो, शाळेतर्फे एक खुलासा द्या. ते म्हणाले, "उगीच वाढेल. चार दिवसांत लोक विसरतील."

चार दिवसांत एक हवालदार घरी आला. कुणीतरी तक्रार केली होती. घरमालकाचं नाव, मूळ गाव, नातेवाईक कुठे कुठे, परदेशात कुणी आहे का, नमाजाला कुठे जातो. माझी बायको नसीम दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्याने पाणी घेतलं नाही.

"साहेब, ती तालीम तुमच्याच खात्याने केली होती," मी म्हणालो.

"माहितीय ना सर. मी तिथेच होतो बंदोबस्ताला," तो म्हणाला. "पण तक्रार आली की चौकशी करावी लागते. आणि नाव एकदा आलं की जात नाही."

मला ते वाक्य तेव्हा नीट कळलं नाही. पुढे कळत गेलं.

उलव्याच्या शेजारी नवा विमानतळ. मोठे लोक येणार म्हटलं की चार दिवस आधी हालचाल सुरू. मला फोन यायचा. "सर, उद्या चौकीला या जरा." जरा म्हणजे सकाळपासून साहेबांच्या गाड्या परत जाईपर्यंत. मोबाइल टेबलाच्या खणात. मी बाकावर. कुणी मारलं नाही. शिवी दिली नाही. चहा पण द्यायचे. नुसतं बसायचं. मी इथे बसलो की देश सुरक्षित. गणपतीत बसलो. निवडणुकीत बसलो. दिल्लीकडे कुठे स्फोट झाला, इथे मी बसलो. सुरुवातीला हवालदार "सर" म्हणायचा. नंतर "मास्तर" झालो. मग "काय मास्तर, आलात?" आणि हसणं. जावई आल्यासारखं.

शाळेत मी रजा टाकत गेलो. कारण लिहायचो, वैयक्तिक. दहावीचा व्याकरणाचा भाग मागे पडला. सहलीच्या शिक्षकांतून माझं नाव काढलं. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "पालक उगाच घाबरतात हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

धाकट्या बहिणीचं लग्न महाडला होतं. उलव्याबाहेर जाताना सांगून जायचं, असं मला तोंडी बजावलेलं. मी चौकीला गेलो. समोर माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा शिपाई. त्याला मी, दोन मुलांचा बाप, विचारतोय, "बहिणीचं लग्न आहे. जाऊ का?"

तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "जावा की. फक्त लाइव्ह लोकेशन पाठवत राहा."

निकाह लागत होता आणि मी मांडवाच्या कडेला फोन हातात धरून उभा होतो. तिथे नेटवर्क जेमतेम. लोकेशन गेलं की नाही, निळी खूण आली की नाही. बहिणीने दोनदा माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं भावाला शाळेचं काम आहे. जेवताना मी तसंच सांगितलं.

एवढ्यावरही मी गप्प होतो. मला वाटायचं, मी नीट वागलो, वेळेवर गेलो, नम्र बोललो, तर एक दिवस तेच म्हणतील, मास्तर, तुम्ही आता येऊ नका. चांगल्या मुलासारखा मी ती शाबासकी मिळायची वाट बघत होतो.

माझे वडील उरणजवळ करंजाला बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री. सगळं आयुष्य डिझेल आणि ग्रीसमध्ये गेलं. किनाऱ्यावर पहारा द्यायला गावोगावी स्वयंसेवक घेतले, तेव्हा अब्बांनी पहिलं नाव दिलं. समुद्रात अनोळखी बोट दिसली तर कळवायचं, एवढं काम. पगार नाही. एक नारिंगी जाकीट, एक शिट्टी, एक ओळखपत्र. अब्बा ते जाकीट घालून जेट्टीवर फिरायचे. लिलावाला आलेल्या कोळणी चेष्टा करायच्या, "मिस्त्री, आज फौजदार झालाव काय?" अब्बा म्हणायचे, "हसा तुमी. दर्यातनं परका आला तर पयला मलाच दिसल."

ते जाकीट परत मागितलं. गावातलाच एक जण सांगायला आला होता, त्यांच्याच पथकातला, जुना दोस्त. मी त्या दिवशी उरणला होतो. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"मिस्त्री, वरनं सांगितलान. मी काय करू?"

"तुजा काय दोष नाय," अब्बा म्हणाले. "थांब जरा."

आत गेले. जाकीट धुतलेलंच होतं. तरी त्यांनी इस्त्री काढली. ते कापड इस्त्रीचं नव्हे, वितळतं. अम्मी म्हणाली, जळेल. त्यांनी वर जुनी लुंगी अंथरली आणि हलक्या हाताने फिरवली. नीट घडी घातली. वर शिट्टी ठेवली, ओळखपत्र ठेवलं, आणि दोन्ही हातांनी दिलं.

कारण काय, त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. कारण दिवाणखान्यात खुर्चीवर बसलं होतं. मला ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर अब्बा जेट्टीवर गेले नाहीत. बोटवाले घरी येऊन बोलवायचे. अब्बा म्हणायचे, "हात कापतान आता." हात कापत नव्हते. संध्याकाळी ते घराच्या मागच्या बाजूला बसायला लागले. तिथून समुद्र दिसत नाही.

मग सनाचं झालं.

ती नेरूळला बुद्धिबळाच्या क्लासला जायची. नवा क्लास, तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नाही. एकदा तिला आणायला लवकर पोचलो. दाराशी उभा राहिलो. आत शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "सानिका, तुझी चाल." माझी मुलगी पुढे झाली आणि तिने घोडा उचलला.

परत येताना विचारलं. ओरडून नाही, सहज विचारलं.

"सानिका कोण?"

 ती म्हणाली, "अब्बा, सना म्हटलं की पुढचं विचारतात. सानिका म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही."

"तुला कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी नाही. तुम्ही पण फोनवर चौकीला जातो म्हणून सांगत नाही ना? वैयक्तिक काम म्हणता."

मी स्कूटर बाजूला घेतली. रस्त्याकडेला उभा राहिलो. ती मला विचारत होती, काय झालं अब्बा, पेट्रोल संपलं का?

गालाची कातडी सोलवटली तेव्हा रडलो नव्हतो. बहिणीच्या मांडवात नाही, अब्बांचं जाकीट गेलं तेव्हाही नाही. त्या दिवशी रडलो, भर रस्त्यात, हेल्मेटच्या आत. मला कळलं होतं. मला वाटत होतं मी सहन करतोय. मी सहन करत नव्हतो, शिकवत होतो. शिक्षकच ना मी. घरात रोज धडा देत होतो, की असं वाकायचं, असं हसायचं, असं नाव लपवायचं. आणि पोरगी हुशार निघाली. न सांगता शिकली.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. मी पेपर तपासत होतो.

"मास्तर, उद्या विमानतळावर मोठे साहेब आहेत. सकाळी या. नेहमीप्रमाणे."

नेहमीप्रमाणे. दूधवाल्याला सांगतात तसं.

"लेखी पाठवा," मी म्हणालो.

"काय?"

"कोणत्या कलमाखाली बोलावताय, ते लिहून पाठवा. मग येतो."

तो आधी हसला. मग म्हणाला, "मास्तर, प्रेमाने बोलावतोय तोवर या."

मी फोन ठेवला. नसीमला सांगितलं. ती म्हणाली, "मुलांना मी बघते. तुमी फक्त खाली मान घालू नका. लय झालं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मधल्या सुट्टीआधीच्या तासाला दहावीवर प्रयोग शिकवला, कर्तरी आणि कर्मणी. तास संपताच सचिवांनी बोलावलं. चौकीतून त्यांना फोन आला असावा.

"जाऊन बसा ना थोडा वेळ," ते म्हणाले. "एवढं काय त्यात? देशासाठी आपण सगळेच थोडंफार सोसतो."

"तुम्ही काय सोसता, सर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत मी कधी कुणाला प्रश्न विचारला नव्हता. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला आणि म्हणाले, "शाळेचं नाव खराब होतंय तुमच्यामुळे."

"माझं नाव शाळेने खराब केलं. मी अजून तुमचं काही केलेलं नाही."

एवढं बोललो आणि बाहेर आलो. जीप फाटकात उभी होती. हवालदार आणि तो तरुण शिपाई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी होते.

"चला मास्तर."

"कागद?"

"कागदबिगद काही नाही. चला."

"मग मी येत नाही."

शिपायाने माझा दंड धरला. मी वरांड्यातच खाली बसलो. मांडी घालून, जमिनीवर. मधली सुट्टी झाली होती. मुलं थांबली. पीटीचे सर आले आणि मुलांना हाकलू लागले. मुलं गेली नाहीत.

"नाटकं करू नका," हवालदार दातओठ खाऊन म्हणाला.

"न्यायचं असेल तर उचलून न्या."

त्यांनी उचललं. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. मला वाटलं होतं शरमेने मरेन. मेलो नाही. छताकडे तोंड करून चाललो होतो, पंखे दिसत होते, जळमटं दिसत होती. खालून कुणीतरी मुलगी विचारत होती, "सरांनी काय केलं? सरांना कुठे नेताय?" कुणी तिला उत्तर दिलं नाही. पण प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता. त्या शाळेत पहिल्यांदा.

संध्याकाळी सोडलं. या वेळी चहा दिला नाही.

शाळेने मला घरी बसवलं आहे, पुढची सूचना येईपर्यंत. सूचना आलेली नाही. पनवेलच्या कोर्टातल्या एका वकील बाईंनी माझा अर्ज दाखल केला. तारखा पडतात. त्या स्पष्ट म्हणाल्या, लवकर काही होणार नाही, आणि झालं तरी तुमची कुणी माफी मागणार नाही. घरमालकाने करार वाढवला नाही. आम्ही उरणला आलो. सानिका नाव मी सनाला बदलायला लावलेलं नाही. ते तिचं तिने ठरवावं. मी माझं ठरवलं आहे.

पहिल्यांदा उचलून नेलं त्या संध्याकाळी अब्बांचा फोन आला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार.

"लागला काय तुला?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि बराच वेळ फोन तसाच धरून राहिले. मी त्यांचा श्वास ऐकत होतो.

इकडे उरणला आल्यावरही पोलीस येतात. माणसं दुसरी, जीप दुसरी. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबते, शेजारची दारं लोटली जातात. मी कागद मागतो. कागद नसतो. मी उंबऱ्याबाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी खाली बसतो. ते मला उचलतात. माझं वजन फार नाही, तरी दोघांना दम लागतो.

पुन्हा येतील. येऊ देत. ज्याला मला न्यायचं आहे त्याने दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत, स्वतःच्या हातांनी उचलून न्यावं. माझ्या पायांनी मी आता तिकडे जाणार नाही.